मुंबई-गोवा महामार्ग: अर्धवट रस्त्याचा फायदा कुणीकडे वळला?

देशातल्या राष्ट्रीय महामार्गांची एकूण लांबी २०१४ मध्ये सुमारे ९१ हजार किलोमीटर होती. २०२३ संपता संपता ती १ लाख ४६ हजारांवर गेली. यातले बरेचसे रस्ते आधीपासूनच होते, त्यांना फक्त राष्ट्रीय दर्जा मिळाला. पण बांधकामाचा वेगही खरोखर वाढला. २०२०-२१ या एका वर्षात १३,३२७ किलोमीटरचं काम झालं, म्हणजे दिवसाला जवळजवळ ३७ किलोमीटर, आणि तेही कोविडच्या वर्षात. हा आकडा भाषणांत वारंवार येतो, आणि तो खोटा नाही. मात्र त्यात सपाट माळावरचा किलोमीटर आणि कर्नाळ्याच्या अभयारण्यातला किलोमीटर एकाच भावाने मोजलेला असतो.

मुंबई-गोवा महामार्गाचं प्रकरण या दुसऱ्या जातीच्या किलोमीटरचं आहे. त्याच्या रखडण्यावर एव्हाना इतकं लिहून झालंय की नव्याने संतापायला जागा उरलेली नाही. मला त्यातला वेगळा प्रश्न पाहायचाय: रस्ता तुकड्यातुकड्यांनी आणि उलटसुलट क्रमाने पूर्ण होतो, तेव्हा त्याचा आर्थिक फायदा जातो कुठे?

रस्ता आणि त्याचे तीन भाग

पूर्वीचा १७ क्रमांकाचा हा महामार्ग २०१० च्या फेरक्रमांकनात ६६ झाला. पनवेलजवळ पळस्पे फाट्याला सुरू होतो आणि थेट कन्याकुमारीला जातो. महाराष्ट्रात त्याची लांबी गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत साधारण ४७० किलोमीटर. उत्तर टोकाला न्हावाशेवाचं बंदर हाकेच्या अंतरावर. पुढे डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, महाड आणि लोटे इथल्या रासायनिक एमआयडीसी, रत्नागिरीचं मिरकरवाडा मच्छीमार बंदर आणि मग रत्नागिरी-देवगडचा हापूस. रस्ता रुंद करायला याहून सबळ कारण कागदावर तरी लागत नाही.

जुना दुपदरी रस्ता किती अपुरा होता, याचा पुरावा रेल्वेने दिला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि लगेच पुढच्या वर्षी कोलाड ते गोव्यातल्या वेर्णापर्यंत रो-रो सेवा आली. म्हणजे माल भरलेला अख्खा ट्रक, ड्रायव्हर-क्लीनरसह, रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढवायचा आणि गोव्यात उतरवायचा. महामार्ग समांतर असताना ट्रकवाला पैसे मोजून ट्रक रेल्वेवर चढवतो, याचा अर्थ घाटातलं डिझेल, टायर आणि वेळ यांचा हिशेब त्याने कधीच करून ठेवलेला होता.

चौपदरीकरणाचे तीन भाग पडले. पळस्पे ते इंदापूर हे पहिले ८४ किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, बीओटी (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) तत्त्वावर. काम २०११ मध्ये सुरू झालं. (हे इंदापूर रायगडमधलं, माणगावच्या अलीकडचं. पुणे जिल्ह्यातलं नव्हे.) इंदापूर ते झाराप हे ३६६ किलोमीटर राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे, दहा पॅकेजांत. आणि झाराप ते पत्रादेवी हे उरलेले २१ किलोमीटर त्याआधीच रुंद झालेले होते.

एकाच रस्त्याला दोन यंत्रणा, त्यात दहा-बारा कंत्राटं, आणि कंत्राटांचेही वेगवेगळे प्रकार. बीओटीत कंत्राटदार स्वतः बँकेतून पैसा उभा करतो आणि टोलमधून वसूल करतो. ईपीसीत सगळा पैसा सरकारचा. २०१६ मध्ये आलेल्या हॅममध्ये (हायब्रिड अ‍ॅन्युइटी मॉडेल) बांधकामाच्या काळात ४० टक्के सरकार देतं, बाकीचे कंत्राटदार घालतो आणि ते त्याला नंतर वर्षानुवर्षं हप्त्यांनी परत मिळतात. यातला कोणता प्रकार चांगला, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. बीओटीतला पनवेल-इंदापूर रखडला, आणि हॅममधले रत्नागिरी जिल्ह्यातले आरवली-कांटे आणि कांटे-वाकेड हेही रखडले. दोन्हीकडे कंत्राटदाराचा हात आखडला. बँकेने कर्ज थांबवलं की हॅम असो वा बीओटी, साइटवरचं रोलर उभंच राहतं. पुढे पनवेल-इंदापूरचे पनवेल-कासू आणि कासू-इंदापूर असे ४२-४२ किलोमीटरचे दोन भाग करून नव्याने काम द्यावं लागलं. पहिल्या भागात कर्नाळा पक्षी अभयारण्य येतं. तिथे वन्यजीव मंडळाच्या परवानगीशिवाय कुदळ मारता येत नाही, हे कंत्राट देण्याआधीही ठाऊक होतंच.

सातबाऱ्यावरची नावं

राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा. त्यातली भूसंपादनाची वाट कागदावर सरळ आहे. कलम ३अ ची अधिसूचना, मग २१ दिवसांत हरकती, मग कलम ३ड ची घोषणा. ही घोषणा वर्षभरात झाली नाही तर आधीची अधिसूचना रद्द होते. झाली, तर जमीन त्या दिवसापासून केंद्र सरकारची. मग प्रांत कार्यालयात मोबदल्याचा निवाडा. १ जानेवारी २०१५ पासून या मोबदल्याला २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं सूत्र लागू झालं: ग्रामीण भागात बाजारभावाच्या दुपटीपर्यंत गुणक आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे जास्तीत जास्त चौपट. निवाडा या तारखेच्या अलीकडचा की पलीकडचा, यावर त्याच गुंठ्याची किंमत कितीतरी बदलत होती.

चौपट पैसे मिळत असतील तर लोक जमीन आनंदाने देतील, हा हिशेब कोकणाबाहेरचा माणूस करतो. इथला सातबारा उघडून पाहावा. चार गुंठ्यांच्या तुकड्यावर आजोबांच्या पिढीपासूनची सामाईक नावं. निम्मे हिश्शेदार मुंबईत, त्यातले काही वारलेले, वारस नोंद झालेली नाही. कुणा आत्याच्या मुलांचा पत्ताच ठाऊक नाही. गावात राहणारा भाऊ झाडं राखतो, काजू काढतो, पण नाव सगळ्यांचं. मोबदल्याची नोटीस आली की पहिल्यांदा भांडण सरकारशी होत नाही, घरात होतं. मुखत्यारपत्रं गोळा करायची, संमतीच्या सह्या घ्यायच्या, आणि सही न देणारा एकजण गणपतीला येईल तेव्हाच भेटणार.

त्यावर जुन्या खोतीची, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या खोतांच्या हक्कांची, पुटं. १९४९ च्या कायद्याने खोती संपली, पण ‘इतर हक्क’ या रकान्यात ती अजून अधूनमधून डोकं वर काढते. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात हेच झालं. देवस्थान, खोत आणि प्रत्यक्ष कसणारी कुळं, तिघांनीही मोबदल्यावर दावा सांगितला आणि प्रकरण कोर्टात गेलं. कायद्यात यावर तोडगा आहे. वाटणीचा वाद असेल तर रक्कम जमा करायची, वाद दिवाणी न्यायालयाकडे सोपवायचा आणि जमिनीचा ताबा घ्यायचा. पण ताबा घ्यायला पोलीस लागतात, आणि दर पाच वर्षांनी मतं मागायला जायचं असेल तर कुठला आमदार तो बंदोबस्त मागेल? घाटाच्या दोन्ही अंगांना रस्ता होत आला आणि मधला घाट तसाच राहिला. पुढे २०२२ च्या उन्हाळ्यात डोंगर कापण्यासाठी महिनाभर दुपारचे काही तास घाट बंद ठेवायची वेळ आली.

हा वाद अपवाद नव्हता. तो आधी दिसत होता, हे मुद्दाम नोंदवायला हवं. कंत्राट देताना जमिनीचा ठरावीक हिस्सा, साधारण ८० टक्के, ताब्यात असावा अशी अट होती. पण उरलेले वीस टक्के कुठले, हे ती अट विचारत नव्हती. ते वीस टक्के एका सलग माळावर असले तर काही बिघडत नाही. ते माणगावच्या बायपासवर, परशुराम घाटात आणि एखाद्या पुलाच्या दोन्ही काठांवर असले, तर ऐंशी टक्के रस्त्याचा अर्थच बदलतो.

१६५ दिवस

याच महामार्गावर याच सार्वजनिक बांधकाम खात्याने काय करून दाखवलं, तेही या प्रकरणात यायला हवं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि काही खासगी वाहनं नदीत गेली, कित्येक माणसं गेली. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला.

याची गोष्ट नेहमी ‘मनात आणलं तर होतं’ अशी सांगतात. मला ते पटत नाही. मनात आणणारे मंत्री-अधिकारी बाकीच्या पॅकेजांनाही होतेच. फरक कामातच होता. पूल जुन्याच जागेलगत, त्यामुळे नवी जमीन जवळजवळ नको. काम एकाच जागी, त्यामुळे एक कंत्राटदार आणि एकच प्रभारी अभियंता, कुणाकडे बोट दाखवायची सोय नाही. पैसा आधी मंजूर. आणि पूल अर्धा झाला असं कुणाला म्हणता येत नाही. तो एकतर आहे किंवा नाही. रस्त्याचं तसं नसतं. सत्तर टक्के रस्ता झाला, हे वाक्य कुठल्याही आढावा बैठकीत छान वाजतं.

कठीण कामं झालीच नाहीत, असंही नाही. कशेडी घाटाला पर्याय म्हणून सुमारे दोन किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे खणले, त्यातला एक २०२३ च्या गणपतीआधी हलक्या वाहनांसाठी उघडला. ज्याने पावसात कशेडी चढला आहे त्याला याची किंमत सांगायला नको. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरच्या बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. २०२० च्या पावसाळ्यात कणकवलीच्या उड्डाणपुलाच्या जोडरस्त्याची भिंत ढासळली होती. कोकणातल्या पावसात भरावाची माती थराथराने नीट दाबली नाही, पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवली नाही, की पाणी आपली वाट काढतं. डांबराचंही तेच. खडी आणि डांबर यांच्यामध्ये पाणी शिरलं की चाकाच्या दाबाने पकड सुटते, आधी केसासारखी चीर, मग तवा, मग खड्डा. म्हणून इंदापूरच्या पुढे सुरुवातीपासून काँक्रीट घेतलं आणि पनवेल-इंदापूरलाही शेवटी काँक्रीटवरच यावं लागलं.

मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या, प्रत्येक सुनावणीला नवी मुदत आली. दर श्रावणात मंत्र्यांचा पाहणी दौरा, दर भाद्रपदाआधी खड्ड्यांत पेव्हर ब्लॉक. त्यावर इथे अधिक नको.

फायदा कुणाला?

आता मूळ प्रश्नाकडे. महामार्गाने विकास होतो का, यावर भारतात बऱ्यापैकी भक्कम अभ्यास आहे, तो सुवर्ण चतुष्कोनावर. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारं हे ५,८४६ किलोमीटरचं जाळं. अर्थतज्ज्ञांना दिसलं की या रस्त्यापासून दहा किलोमीटरच्या आतल्या जिल्ह्यांत संघटित कारखानदारी लक्षणीय वाढली, आणि रस्त्यालगतच्या कारखान्यांना कच्च्या मालाचा साठा पूर्वीपेक्षा कमी दिवसांचा ठेवला तरी चालू लागला. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्याकडे क्वचित सांगितली जाते. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग त्याच सुमारास जाहीर झाले होते, पण मागे पडले. त्यांच्या कडेच्या जिल्ह्यांत त्या काळात तशी वाढ दिसली नाही. घोषणेने, भूमिपूजनाने किंवा अर्ध्या कामाने कारखानदार जागा घेत नाही. माल वेळेवर पोचतो हे दिसलं की घेतो.

हे आंब्याच्या ट्रकवर लावून पाहू. देवगडहून पेट्या भरलेला ट्रक संध्याकाळी सुटतो. त्याला पहाटेच्या आत वाशीच्या बाजार समितीत लागायचं असतं, कारण सौदे सकाळीच होतात. उशीर झाला तर त्या दिवसाचा दर गेला आणि फळ एक दिवस पुढे पिकलं. कणकवलीपासून राजापूरपर्यंत ट्रक आता सरळ पळतो. पण तिथे वाचलेली वेळ पुढे संगमेश्वरच्या डायव्हर्जनमध्ये, माणगावच्या बाजारपेठेत आणि पनवेलच्या अलीकडच्या खड्ड्यांत परत जाते. शिवाय ड्रायव्हरला हे आधी ठरवता येत नाही. कधी माणगाव वीस मिनिटांत सुटतं, कधी दोन तास लागतात. म्हणून तो सुटायची वेळ पूर्वीचीच ठेवतो. चांगला झालेला भाग त्याच्या धंद्यात जमा होतच नाही. खराब भागात आदळलेली पेटी मात्र डागी फळ म्हणून दलालाच्या पट्टीत, म्हणजे हिशेबाच्या चिठ्ठीत, बरोबर दिसते.

कारखान्यांचंही तसंच. गणपतीच्या दिवसांत या महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते. चाकरमान्यांची गर्दी बघता दुसरा उपायही नसतो. पण ज्या एमआयडीसीला वर्षातले काही दिवस ट्रकच बाहेर काढता येणार नाहीत, तिच्या मालकाच्या डोक्यात हा रस्ता ‘भरवशाचा’ या खात्यात जात नाही. खुद्द सरकार गणपतीला टोलमाफीचे पास देतं ते पुणे-सातारा-कोल्हापूरमार्गे कोकणात उतरणाऱ्या गाड्यांनाही. मुंबईहून कणकवलीला जायला सह्याद्री दोनदा ओलांडायचा, आणि तो वळसा अधिकृत.

मग फायदा झाला कुणाला? आखूड पल्ल्याला, आणि तोही दक्षिणेकडच्या. सिंधुदुर्गातलं काम आधी उरकलं, आणि त्याखालचा झाराप-पत्रादेवी भाग तर त्याही आधी झालेला. त्यामुळे कुडाळ-सावंतवाडीला गोवा जवळ आला. आधीही होताच, गंभीर आजारी माणसाला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला न्यायची रीत जुनी आहे. आता ती धाव वेगाने होते. गोव्यात नोकरीला रोज ये-जा करणं सोपं झालं. २०२३ च्या सुरुवातीला पत्रादेवीपलीकडे मोपाचा विमानतळ चालू झाला, तेव्हा सिंधुदुर्गातल्या प्रवाशाला चांगला रस्ता तिकडेच घेऊन जात होता. आपल्याच जिल्ह्यात चिपीला २०२१ मध्ये विमानतळ झाला असताना.

हे वाईट झालं असं मी म्हणत नाही. कुडाळच्या पोराला पेडण्यात काम मिळणं हा विकासच आहे. पण प्रकल्पाचं समर्थन ज्या फायद्यावर केलं होतं, तो हा नव्हे. समर्थन होतं मुंबईची बाजारपेठ, न्हावाशेवाचं बंदर, लोटे-महाडची कारखानदारी. त्या लांब पल्ल्याच्या वाहतुकीला साखळीची प्रत्येक कडी लागते, आणि कमकुवत कड्या नेमक्या मुंबईच्या बाजूला राहिल्या. जिथे रहदारी सर्वांत दाट, तिथलं काम सर्वांत आधी सुरू झालं आणि सर्वांत जास्त रेंगाळलं. माझ्या मते इथे पॅकेजांचा क्रमच चुकला. माणगाव, इंदापूरचे बायपास आणि पनवेल-इंदापूर यांचा निकाल लागल्याशिवाय बाकीच्या काँक्रीटवर घातलेला पैसा लांब पल्ल्याच्या मालाला जवळजवळ काहीच परतावा देत नाही. दिवसाला किती किलोमीटर या मापाने मात्र सिंधुदुर्गचे सोपे किलोमीटर आधी करणंच शहाणपणाचं ठरतं.

टोलचा नाका

या सगळ्याचा हिशेब शेवटी टोलवर येऊन अडला. पूर्ण झालेल्या भागावर टोल घ्यायची तयारी सुरू झाली, राजापूरजवळ हातिवल्याला आणि सिंधुदुर्गात ओसरगावला नाके उभे राहिले आणि दोन्हीकडे लोकांनी विरोध केला. ‘पूर्ण रस्ता करा, मग टोल घ्या’ ही एक मागणी. ‘एमएच-०७ ला, म्हणजे सिंधुदुर्गातल्या गाड्यांना, माफी द्या’ ही दुसरी.

पहिली मागणी लांबून येणाऱ्याच्या तोंडी शोभते. पनवेलपासून हाडं खिळखिळी करत आलेल्या माणसाने ओसरगावला पैसे का द्यावेत, याला सरकारकडे उत्तर नाही. दुसरी मागणी मला तितकी सरळ वाटत नाही. आत्तापर्यंत या रस्त्याचा खराखुरा फायदा कुणी घेतला असेल तर तो एमएच-०७ नेच, रोजच्या आखूड फेऱ्यांत. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आतल्या खासगी गाड्यांना सवलतीच्या मासिक पासची तरतूद २००८ च्या शुल्क नियमांत आहेच. पण ओसरगावला राहणारा विचारतो, जमीन आमची गेली, धूळ आम्ही खाल्ली, आता कणकवलीच्या बाजारात जायला पास कसला? त्याच्या घरासमोर सर्व्हिस रोड सलग असता, तर निदान टोलचा रस्ता घ्यायचा की नाही हे त्याला ठरवता आलं असतं.